उद्या सुट्टी कुणाला?

चंडीगडच्या सेक्टर १ मध्ये ल कार्बुझिए यांनी आखलेलं सचिवालय आहे. सुमारे अडीचशे मीटर लांबीची ही काँक्रीटची इमारत पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांनी वाटून घेतली आहे. २३ सप्टेंबर कामाच्या वारी आला, की या वाटणीचा खरा अर्थ कळतो. १८५७ च्या उठावातले रेवाडीचे राव तुलाराम १८६३ साली याच तारखेला काबूलमध्ये वारले, म्हणून हरियाणाच्या यादीत हा वीर-शहीद दिवस आहे. हरियाणाची खाती बंद, पंजाबच्या खात्यांत मात्र नेहमीसारख्या फायली हलत असतात. छप्पर एकच, पण एका बाजूचा कारकून घरी आणि दुसऱ्या बाजूचा टेबलावर.

नव्यानं बदली होऊन आलेल्या मराठी माणसानं इथे "उद्या सुट्टी आहे का?" असं विचारलं, तर उत्तराऐवजी उलटा प्रश्न येतो: कुणाची? १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची फाळणी होऊन हरियाणा झालं, तेव्हा हे शहर केंद्रशासित ठरलं आणि दोन्ही राज्यांची राजधानीही राहिलं. त्यामुळे चंडीगड म्हणजे चार बिऱ्हाडांचा वाडा झाला आहे. चंडीगड प्रशासन, पंजाब, हरियाणा आणि केंद्र सरकारची कार्यालयं, प्रत्येकाच्या खुंटीवर वेगळं कॅलेंडर. उच्च न्यायालय आणि पंजाब विद्यापीठ यांची गणितं आणखी निराळी. गंमत अशी, की १९८४ पासून पंजाबचे राज्यपाल हेच चंडीगडचे प्रशासक असतात, तरी दोन्हीकडच्या याद्या जुळत नाहीत.

या सगळ्याचा सर्वांत जास्त ताप होतो तो पगारपत्रक करणाऱ्याला.

जाहीर झाली म्हणजे मिळाली असं नाही

सरकारनं सुट्टी जाहीर केली की ती सगळ्यांना लागू, हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. सरकार सुट्टी जाहीर करतं तेव्हा प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट प्रशासकीय. सरकार मालक या नात्यानं आपल्या नोकरांना सांगतं, की अमुक दिवशी कचेरी बंद. दुसरी गोष्ट बँकांची. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या २५ व्या कलमात सार्वजनिक सुट्टीची तरतूद आहे. हा कायदा हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेशांचा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल, तर पैसे कधी द्यायचे, याचं उत्तर त्यात दिलं आहे: आदल्या कामाच्या दिवशी. त्यासाठी सुट्टी कोणती हे आधी ठरायला हवं, म्हणून सरकारनं ती अधिसूचनेनं जाहीर करायची. कामगाराला विश्रांती मिळावी असा या कलमाचा हेतूच नाही. देणं-घेणं कुठल्या तारखेला चुकतं व्हावं, एवढीच त्याची काळजी. बँकांना दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी जी सुट्टी १ सप्टेंबर २०१५ पासून आहे, तीही याच रस्त्यानं आली.

खाजगी कारखान्याला यातली पहिली गोष्ट लागू नाही, कारण तिथला मालक सरकार नव्हे. दुसरी गोष्ट त्याच्या बँक खात्यापुरती. म्हणून टीव्हीवर "उद्या सार्वजनिक सुट्टी" अशी पट्टी सरकली, तरी इंडस्ट्रियल एरियातला भोंगा वेळेवर वाजतो आणि त्यात बेकायदा काहीच नसतं.

सार्वजनिक सुट्टी हा हक्क म्हणून मागता येतो का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर आला होता, आणि तोही एका केंद्रशासित प्रदेशातून. दादरा आणि नगर हवेलीची २ ऑगस्ट १९५४ ची मुक्ती मराठी वाचकाला सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे ठाऊक आहे. त्या तारखेला तिथे वर्षानुवर्षं सुट्टी असे. २०२१ मध्ये ती यादीतून गेली. एक रहिवासी न्यायालयात गेला. जानेवारी २०२२ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठानं सांगितलं, की सार्वजनिक सुट्टीवर कुणाचा कायदेशीर हक्क नाही, ती देणं न देणं हे सरकारचं धोरण. वर देशात सुट्ट्या जरा जास्तच झाल्यात, असंही ऐकवलं.

चौदा, तीन आणि दोन

केंद्र सरकारची यादी त्यातल्या त्यात नीट बांधलेली आहे. चौदा सुट्ट्या देशभर सक्तीच्या: प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती, दसरा, दिवाळी, दोन्ही ईद, गुरू नानक जयंती, नाताळ वगैरे. त्यावर आणखी तीन, ज्या प्रत्येक राज्याच्या राजधानीतली केंद्रीय कर्मचाऱ्यांची समन्वय समिती बारा पर्यायांतून निवडते. या बारांतला एकच पर्याय विशू, वैशाखी, उगादी, चेटी चंड, गुढीपाडवा, छठ पूजा अशी नावं पोटात घेऊन बसला आहे. चंडीगडच्या समितीला त्यात साहजिकच वैशाखी दिसते, मुंबईच्या समितीला पाडवा.

मग चंडीगडच्या केंद्रीय कार्यालयातल्या मराठी कर्मचाऱ्यानं गुढी उभारायची तर काय करायचं? त्यासाठी तिसरा कप्पा आहे: ऐच्छिक सुट्ट्या. कार्यालयात सगळे 'आरएच' म्हणतात. लांबलचक यादीतून वर्षाला दोन दिवस निवडायचे. गुढीपाडवा आणि गणेश चतुर्थी दोन्ही त्या यादीत असतात, त्यामुळे उत्तरेत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचे दोन आरएच बहुधा जानेवारीतच मनात ठरलेले असतात.

कारखान्याची यादी येते कुठून?

कारखान्याला बांधून घेणारा कायदा वेगळा आहे आणि तो चंडीगडपेक्षा जुना आहे, म्हणजे केंद्रशासित चंडीगडपेक्षा. अखंड पंजाबनं १९६५ मध्ये औद्योगिक आस्थापनांतल्या राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्या आणि किरकोळ व आजारी रजा यांचा कायदा केला. पुढच्याच वर्षी राज्य फुटलं, पण पुनर्रचनेच्या कायद्यानं जुने कायदे सगळ्या वारसांकडे चालू ठेवले. म्हणून हा पंजाबी कायदा चंडीगडलाही लागू राहिला.

त्याचा सांगाडा सुटसुटीत आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तीन राष्ट्रीय सुट्ट्या, शिवाय परिशिष्टातल्या सणांपैकी चार, सगळ्या भरपगारी. त्याखेरीज वर्षाला सात दिवस किरकोळ रजा आणि अर्ध्या पगारावर चौदा दिवस आजारी रजा. तीन राष्ट्रीय सुट्ट्यांना पर्याय नाही. चार सणांची निवड मात्र करायची असते, आणि खरी चर्चा तिथेच होते. पंजाबी, हरियाणवी, बिहारी आणि पूर्वांचली कामगार एकाच शेडमध्ये असतील, तर गुरुपुरब घ्यायचा की छठ, होळी की ईद?

महाराष्ट्रात दुकानं आणि कचेऱ्यांसाठी २०१७ चा कायदा आहे. ठरावीक संख्येइतके किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला तो आठ भरपगारी सुट्ट्या द्यायला लावतो. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, चार सण मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायचे. पुण्यात मुख्य कार्यालय आणि चंडीगडला शाखा असलेल्या कंपनीत १ मे रोजी पुण्याला सुट्टी आणि चंडीगडला काम, असा प्रकार होतो तो यामुळे. शाखेतल्या माणसाला तो अन्याय वाटतो. पण सुट्टी माणूस ज्या जागी कामाला आहे त्या जागेच्या कायद्यानं मिळते, कंपनीची नोंदणी कुठली हे त्यात पाहिलं जात नाही.

चौकट: १५ ऑगस्टला कामावर बोलावलं तर

समजा, कामगाराचा महिन्याचा पगार १८,२०० रुपये आहे. साप्ताहिक सुट्ट्या वजा करून महिन्याचे कामाचे दिवस २६ धरायचे, ही रूढ पद्धत. ग्रॅच्युइटीचा हिशेबही २६ नंच भागून होतो. १८,२०० ला २६ नं भागलं, की एका दिवसाची मजुरी ७०० रुपये येते.

१९६५ च्या पंजाबी कायद्यानुसार सुट्टीच्या दिवशी काम केलं तर दोनपैकी एक: दुप्पट मजुरी, किंवा नेहमीची मजुरी आणि बदली भरपगारी सुट्टी. दुप्पट म्हणजे १,४०० रुपये. त्यातले ७०० मासिक पगारात आधीच धरलेले असतात, कारण सुट्टी भरपगारी आहे; हातात वाढीव पडतात ते ७००. 'दुप्पट' ऐकून १,४०० वर मिळतील असं कामगार धरून चालतो आणि पगाराच्या दिवशी वाद होतो.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात 'किंवा' नाही. दुप्पट मजुरीही आणि बदली सुट्टीही.

पंचांग आणि पगारपत्रक

चार सण ठरवताना नुसती नावं लिहिली तर काय होतं, याचा धडा गुरू गोविंदसिंग यांच्या गुरुपुरबानं दिला. तो पौष शुद्ध सप्तमीला येतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षाहून अकरा दिवसांनी कमी. २०२५ मध्ये हा गुरुपुरब ६ जानेवारीला आला, आणि दहा दिवस अलीकडे सरकून त्याच वर्षी पुन्हा २७ डिसेंबरला. २०२६ च्या कॅलेंडरात मग तो येतच नाही. ज्या आस्थापनेच्या सूचनेत 'गुरू गोविंदसिंग जयंती' एवढंच लिहिलेलं असेल, तिथे २०२५ मध्ये सुट्ट्या चार की पाच, आणि २०२६ मध्ये चार की तीन? कायदा इंग्रजी वर्षाला चार म्हणतो. म्हणून जाणते लोक यादीत सणापुढे तारीख आणि वार लिहितात.

आपली चांद्र तिथी फार दूर भटकत नाही, कारण साधारण तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येऊन ती परत ओढून आणतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आलेली गणेश चतुर्थी २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला जाते. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही, त्यामुळे ईद दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकत सगळे ऋतू फिरून येते. वैशाखी मात्र सौर संक्रांतीला बांधलेली, ती १३-१४ एप्रिल सोडत नाही. कारखान्याच्या दृष्टीनं हा फारच गुणी सण.

तिथीचा घोळ एका देशातही होतो. २०२५ मध्ये अमावास्या दोन दिवसांत विभागून आली. केंद्र सरकारची दिवाळीची सुट्टी २० ऑक्टोबरला, महाराष्ट्राची लक्ष्मीपूजनाची २१ ला. चंडीगडच्या शाखेनं फटाके वाजवले तेव्हा पुण्याचं ऑफिस चालू होतं.

दोन रजांच्या मधला दसरा

आता नोकरदारांचा आवडता खेळ: लागून आलेल्या सुट्ट्या. २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला, मंगळवारी आहे. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या माणसानं सोमवार, बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार रजा टाकली, की शनिवार १७ ते रविवार २५ असे सलग नऊ दिवस मोकळे. प्रश्न एवढाच, की खात्यातून रजा किती जाणार?

उत्तर रजेच्या प्रकारावर आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यानं ही किरकोळ रजा म्हणून घेतली तर चार दिवस, कारण किरकोळ रजेच्या मधली सुट्टी मोजली जात नाही. हीच अर्जित रजा म्हणून घेतली तर सोमवार ते शुक्रवार सलग पाच दिवस. मधला दसरा रजेत गेला. दोन्ही टोकांचे शनिवार-रविवार मात्र पुढे-मागे जोडता येतात, ते मोजत नाहीत. कार्यालयातले मुरलेले लोक त्यामुळे मधे सुट्टी असेल तर किरकोळ रजा काढतात, आणि सुट्टी टोकाला असेल तर अर्जित.

खाजगी कंपन्यांत याच तत्त्वाला 'सँडविच' म्हणतात आणि ते जरा जास्तच चवीनं वापरतात. काही ठिकाणी शुक्रवार आणि सोमवार रजा घेतली तर मधले शनिवार-रविवारही रजेत धरले जातात. कारखान्याच्या कामगाराला हे फार कमी वेळा ठाऊक असतं, की त्याची बाजू इथे सरकारी नोकराहून भक्कम आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ७९ व्या कलमात वार्षिक भरपगारी रजा दर वीस दिवसांच्या कामामागे एक अशी दिली आणि स्पष्ट लिहिलं, की रजेच्या मध्ये किंवा टोकाला येणाऱ्या सुट्ट्या तिच्यात धरायच्या नाहीत. या रजेसाठी वर्षात २४० दिवस काम भरावं लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेनं ही अट १८० दिवसांवर आणली. हंगामी कामगारांसाठी हा फरक मोठा आहे. साठ दिवस म्हणजे दोन महिन्यांचा खाडा.

चंडीगड प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांनी तर रजेची अख्खी वहीच बदललेली पाहिली. २०२२ पर्यंत त्यांना पंजाबचे सेवानियम लागू होते. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राचे लागले. निवृत्तीचं वय ५८ वरून ६० झालं, महिलांची बालसंगोपन रजा एका वर्षावरून दोन वर्षांवर गेली. या दोन ठळक लाभांच्या गजरात किरकोळ रजेकडे कमी लोकांचं लक्ष गेलं. पंजाबात ती नोकरीच्या वर्षांप्रमाणे दहा, पंधरा, वीस अशी वाढते, आणि महिलांना वीस मिळतात. केंद्रात सगळ्यांना सरसकट आठ. मुलाचा ताप, गॅस सिलिंडर, बँकेचं काम, यांना उपयोगी पडते ती किरकोळ रजा.

मतदानाची सुट्टी

चंडीगड, पंजाबमधलं मोहाली आणि हरियाणातलं पंचकुला ही तीन शहरं एकमेकांना खेटून आहेत. लोक एकीकडे राहतात, दुसरीकडे कामाला जातात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हरियाणाचं मतदान २५ मेला झालं, पंजाब आणि चंडीगडचं १ जूनला. पंचकुल्याचा माणूस चंडीगडात नोकरीला असेल, तर त्याला सुट्टी कधी?

इथे एकदाच का होईना, माणसाच्या कामाची जागा दुय्यम ठरते. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली घातलेलं १३५-ब हे कलम मतदाराला त्याच्या मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देतं. सुट्टी मतदाराच्या मागे जाते. एकाच खात्यातले दोघे शेजारी दोन वेगळ्या शनिवारी सुट्टीवर, आणि दोघेही बरोबर. रोजंदारीवरच्या माणसाचीही मजुरी कापायची नाही, हेही कलमात आहे. मालकानं ते मोडलं तर दंड पाचशे रुपयांपर्यंत. आजच्या भावानं ही रक्कम कुणाला घाबरवेल असं वाटत नाही.

डिसेंबरात बसून करायचं काम

छोट्या आस्थापनेत रजेचा घोळ बहुतेक वेळा एकाच गोष्टीनं होतो: सुट्टी सगळ्यांना एकदम हवी असते. दसऱ्याआधीचा, १९ ऑक्टोबरचा सोमवार आठ जणांनी मागितला आणि मशीन चालवायला निदान तिघे हवेत, तर कुणाला नाही म्हणायचं? आधी अर्ज करील त्याला, हा नियम सोपा दिसतो. पण त्यात दरवर्षी तोच चलाख माणूस जिंकतो. पाळीचा नियम बरा: गेल्या वर्षी दिवाळीत जो कामावर होता, त्याची यंदा पहिली निवड. रुग्णालयांत असंच चालतं, तिथे तर पर्यायच नसतो. चंडीगडच्या पीजीआय या रुग्णालयाची बाह्यरुग्ण सेवा राजपत्रित सुट्टीला बंद असते, तातडीचा विभाग चालूच. कुणीतरी होळीच्या रात्रीही ड्यूटीवर लागतंच.

दुसरी गोष्ट, यादी जानेवारीआधी भिंतीवर लागावी, आणि तिच्यात वार लिहिलेले असावेत. आपल्याकडे राष्ट्रीय सुट्टी रविवारी आली तर ती गेली. ब्रिटनमधल्यासारखी पुढे सोमवारी मिळत नाही. २६ जानेवारी २०२५ रविवारी आला. त्याच वर्षी गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला. यादीत नावं दोन, दिवस एक. ज्यांनी दसरा चार सणांत धरला होता, त्यांना पाचवा सण शोधावा लागला.

इतकं करूनही शेवटच्या आठवड्यात तारीख हलू शकते. मुंबईत हे तीन वर्षं लागोपाठ झालं. अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक आणि ईद-ए-मिलादचा जुलूस जवळ आले, मुस्लिम समाजानं जुलूस पुढे ढकलला आणि सरकारनं सुट्टीही सरकवली. २०२५ मध्ये ती शुक्रवार ५ सप्टेंबरवरून सोमवार ८ सप्टेंबरला गेली, पण फक्त मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांसाठी. इतर जिल्ह्यांत ५ तारीखच कायम राहिली. ज्या सरकारी खात्यांची कार्यालयं मुंबईतही होती आणि ठाण्यातही, त्यांच्या हजेरीपटावर त्या सप्टेंबरात एकच सुट्टी दोन तारखांना मांडावी लागली.